दिवाळीत सेरेंगेटी: पाच रात्री कुठे काढाव्यात?

पुण्याच्या एका कुटुंबाचा प्रश्न आहे. माणसं सहा: नवरा-बायको, ९ आणि १३ वर्षांची मुलं, ६८ आणि ७१ वर्षांचे आजी-आजोबा. दिवाळीच्या सुट्टीत, ऑक्टोबरच्या शेवटी, टांझानियात पाच रात्री हाताशी आहेत. सहल कंपनीने कार्यक्रम आखून दिला आहे: आरुशा, तारांगिरे, लेक मन्यारा, न्गोरोन्गोरो, सेरेंगेटी. रोज नवा मुक्काम, आणि शेवटच्या दिवशी सेरेंगेटीहून आरुशापर्यंत गाडीने परत. शिवाय मुलांना सेरेंगेटीच्या उत्तरेला मारा नदी ओलांडणारे विल्डबीस्टचे (गाईसारख्या दिसणाऱ्या मोठ्या आफ्रिकन हरणांचे) कळप बघायचे आहेत. एवढं सगळं बसेल का, असं त्यांनी विचारलं आहे.

कागदावर बसतं. मी गेली अठरा वर्षं आपल्याकडचे लहान गट घेऊन पूर्व आफ्रिकेत जातो आहे, आणि असाच एक कार्यक्रम सुरुवातीच्या काळात मी स्वतः चालवलेला आहे. पाच दिवसांत चार जंगलं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी गटातल्या एका काकूंना कंबरेमुळे गाडीतून उतरता येईना, आणि दोन मुलं मागच्या सीटवर झोपलेली असताना आमच्या उजव्या हाताला सिंहिणी बछड्यांना घेऊन चालल्या होत्या. थांबायला वेळ नव्हता, कारण अंधार पडायच्या आत मुक्काम गाठायचा होता. ती संध्याकाळ मला अजून टोचते. त्यानंतर छोट्या सहलीत मी ठिकाणं वाढवली नाहीत, कमीच करत आलो. तुम्हालाही माझं हेच सांगणं आहे: यातली दोन ठिकाणं काढून टाका आणि सेरेंगेटीत तीन रात्री एकाच जागी राहा.

आधी अंतरांचा अंदाज घ्या. सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यान १४,७६३ चौरस किलोमीटरचं आहे. ताडोबाचं गाभा क्षेत्र साधारण ६२५ चौरस किलोमीटर, म्हणजे जवळपास चोवीस ताडोबा एकाशेजारी एक ठेवल्यासारखं. आरुशाहून उद्यानाच्या मध्यावर, सेरोनेराला, गाडीने पोचायला सात ते आठ तास लागतात. करातू गावापर्यंत रस्ता डांबरी आणि उत्तम. न्गोरोन्गोरोचं फाटक ओलांडलं की पुढे कच्चा रस्ता, धूळ आणि नांगरटीसारखे आडवे वळ. तिथले चालक त्याला हसत हसत ‘आफ्रिकन मसाज’ म्हणतात. तरण्या माणसाला एकदा मजा वाटते, सत्तरीच्या पाठीला दोनदा सोसत नाही. म्हणून जाताना गाडीने जा, येताना सेरोनेराच्या धावपट्टीवरून छोट्या विमानाने या. सव्वा तासाच्या आसपास आरुशा येतं. तिकीट माणशी दोनशे डॉलरच्या पुढे जातं, हे खरं. पण सेरेंगेटीकडे जाणारा रस्ता न्गोरोन्गोरो संवर्धन क्षेत्रातूनच जातो आणि नुसतं पलीकडे जायचं असलं तरी तिथलं प्रवेशशुल्क भरावं लागतं, जाताना एकदा आणि येताना पुन्हा. विमानाने परतलात की ते एकदा वाचतं आणि तिकिटाचा काही भाग तिथेच वसूल होतो. उरलेले पैसे तुम्ही जंगलातल्या एका पूर्ण सकाळीसाठी देता, आणि ती सकाळ दुसऱ्या कशानेही मिळत नाही.

आता नदी. विल्डबीस्टचे कळप कॅलेंडर बघून चालत नाहीत, पावसामागे चालतात. तेरा ते पंधरा लाख विल्डबीस्ट आणि त्यांच्या सोबतीने लाखो झेब्रे वर्षभर एक मोठं रिंगण घेतात. जानेवारीच्या अखेरीपासून मार्चपर्यंत ते दक्षिणेला न्दुतूच्या मोकळ्या माळावर असतात. त्या मातीत ज्वालामुखीची राख आहे, तिथलं आखूड गवत कॅल्शियम आणि फॉस्फरसने भरलेलं असतं, आणि नेमकं तेच विणाऱ्या माद्यांना हवं असतं. बहुतेक वासरं दोन-तीन आठवड्यांच्या आत जन्मतात. एप्रिल-मेमध्ये कळप मध्य आणि पश्चिमेकडे सरकतात, साधारण जुलै ते ऑक्टोबर उत्तरेला मारा नदीच्या दोन्ही काठांवर असतात आणि नोव्हेंबरच्या पावसाबरोबर पुन्हा दक्षिणेला वळतात. म्हणजे ऑक्टोबरच्या शेवटी कळप उत्तरेत असायची शक्यता चांगली आहे. पण पाऊस लवकर आला तर ते निघालेलेही असतील.

अडचण अशी की नदी ओलांडायच्या जागा कोगाटेंडेजवळ आहेत आणि सेरोनेराहून तिथे जायला एका बाजूने चार-पाच तास लागतात. सकाळी जाऊन संध्याकाळी परत येऊ, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. नदीच बघायची असेल तर बाकी सगळं सोडा, आरुशाहून विमानाने थेट कोगाटेंडेला उतरा आणि तीन-चार रात्री तिथेच राहा. तेव्हाही खात्री नाही. कळप काठावर जमतो, पुढचे पाय पाण्यात घालतो, मगरीची चाहूल लागली की सगळा लोंढा मागे फिरतो. मी सहा-सहा तास थांबून रिकाम्या हाताने परतलो आहे. आजींना आणि नऊ वर्षांच्या मुलाला उन्हात गाडीत सहा तास बसवणं मला योग्य वाटत नाही. आणखी एक गोष्ट मनापासून सांगतो. २०२५ च्या जुलैत तिथे पर्यटक गाड्यांतून उतरून काठावर उभे राहिले आणि जनावरांची वाट अडली. ती चित्रफीत जगभर फिरली. कळप बिचकला की पाण्यातली वासरं आयांपासून तुटतात. कधी नदीवर गेलातच तर चालकाला आधीच सांगा की आमची गाडी मागे राहिली तरी चालेल, कळपाच्या वाटेत नको.

तुमच्यासाठी मी असा कार्यक्रम आखला असता. पहिली रात्र आरुशात, फक्त झोपायला. दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर तारांगिरे, अडीच तासांच्या आत. दिवसभर तिथे, मुक्काम करातूला. तिसऱ्या दिवशी न्गोरोन्गोरोच्या कड्यावरून सेरेंगेटीत. पुढच्या तीन रात्री सेरोनेरात, आणि सहाव्या दिवशी विमानाने परत.

लेक मन्यारा सुंदर आहे, पण या पाच रात्रींत त्याला जागा नाही. न्गोरोन्गोरोच्या विवरात, म्हणजे खचलेल्या ज्वालामुखीच्या प्रचंड खड्ड्यात, उतरायचं की नाही, हा प्रश्न जास्त अवघड. विवराचा तळ सुमारे २६० चौरस किलोमीटर, भोवती सहाशे मीटर उंच भिंती. आत वर्षभर पाणी असल्यामुळे जनावरं दाटीने दिसतात. काळा गेंडा बघायची तिथे संधी असते, पण बहुतेक वेळा तो दुर्बिणीतही लांबवर एक करडा ठिपका असतो. खाली उतरायला गाडीमागे अडीचशे डॉलर आणि वर कर असा वेगळा खर्च आहे. शिवाय सकाळी विवर करून त्याच दिवशी सेरोनेरा गाठायचं म्हटलं तर आजी-आजोबांचा दिवस चौदा तासांचा होतो. दोन्हींतलं एकच निवडायचं असेल तर ऑक्टोबरमध्ये मी तारांगिरे निवडतो. कोरड्या दिवसांत आजूबाजूचं पाणी आटतं आणि हत्तींचे कळपच्या कळप तारांगिरे नदीवर येतात. एका वळणावर साठ-सत्तर हत्ती, त्यात पोटाखाली चालणारी पिल्लं. सोंडेने वाळू उकरून खालचं पाणी काढताना त्यांना बघितलं की मुलं तासभर जागची हलत नाहीत. आणि तिथली झाडं! कोकणातल्या जुन्या बंदरांजवळ, किल्ल्यांवर आपण एखाददुसरी गोरखचिंच बघतो. तारांगिरेत टेकडीमागून टेकडी गोरखचिंचांनी भरलेली आहे, आणि हत्तींनी खरवडून खरवडून कित्येकांचे बुंधे पोखरलेले दिसतात. विवर तुम्हाला तिसऱ्या दिवशी कड्यावरच्या सज्जातून दिसेलच, २,३०० मीटर उंचीवरून. तिथे वारा बोचरा असतो, स्वेटर हाताशी ठेवा. पुढच्या उतारावर ओल्डुवाई नावाच्या दरीचा फाटा लागतो. १९५९ मध्ये मेरी लीकी यांना तिथेच माणसाच्या प्राचीन नातेवाइकाची, साडेसतरा लाख वर्षांपूर्वीची कवटी सापडली. तेरा वर्षांच्या मुलीसाठी तिथे तासभर थांबा. तिच्या इतिहासाच्या पुस्तकातला पहिला धडा तिला दरीत उघडा पडलेला दिसेल.

आता सेरोनेरात तीन रात्री कशाला, हे नीट सांगतो, कारण ताडोबा-पेंचची सवय असलेल्या माणसाला हे सहज पटत नाही. आपल्याकडे सकाळची फेरी, दुपारची फेरी, वेळ झाली की फाटकाबाहेर. सेरेंगेटीत तुमचा तंबू उद्यानाच्या आतच असतो. सकाळी सहाला निघालात की डबा सोबत घेऊन संध्याकाळपर्यंत बाहेर राहता येतं, किंवा दहाला परत येऊन जेवून, आजोबांना झोपू देऊन चारला पुन्हा निघता येतं. ही मोकळीक तीन रात्री असेल तरच उपयोगाची. पहिला दिवस डोळ्यांना सवय होण्यात जातो. आपलं जंगल कानांनी वाचायचं असतं: चितळाचा कॉल, वानराचा खोकल्यासारखा आवाज, मग वाघ कुठे असेल याचा अंदाज. सेरेंगेटीचा माळ डोळ्यांनी वाचायचा. चालक गाडी थांबवतो आणि क्षितिजावरून दुर्बीण फिरवतो. चार जिराफ चरायचं सोडून एकाच दिशेला टक लावून उभे असतील तर तिथे सिंह आहे असं धरून चाला. गिधाडं आकाशात फिरत असतील तर ती शोधात आहेत. पंख आवळून एकामागून एक खाली येत असतील तर तिथे काहीतरी मेलेलं आहे. चित्ता वारुळावर चढून बसतो, कारण सपाट माळावर तेवढीच उंची त्याला मिळते. कोपी म्हणजे ग्रॅनाइटच्या उघड्या टेकड्या, तिथे सकाळच्या उन्हात सिंहिणी पसरलेल्या असतात. सेरोनेरा नदीकाठच्या बाभळींत आणि सॉसेज ट्रीच्या आडव्या फांद्यांवर बिबट्या. फांदीवरून लोंबणारी शेपटी आधी दिसते, बिबट्या नंतर. आणि गेंड्याची ओढ फारच असेल तर दक्षिणेला मोरू कोपीजच्या बाजूला एक सकाळ द्या. तिथेही काळे गेंडे आहेत. दिसतीलच असं मात्र धरू नका.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काय होतं ते एकदाच सांगतो. तीन वर्षांपूर्वी आमच्यासमोर एक चित्त्याची मादी दोन पिल्लांसह वारुळावर बसली होती. सात वाजले, आठ वाजले, नऊ. तीन गाड्या आल्या आणि निघून गेल्या, त्यांना पुढे जायचं होतं. गटातले एक आजोबा म्हणाले, “आपल्याला कुठे जायचंय? थांबू की.” सव्वादहाला ती उठली, गवतात पोट टेकवत शंभर पावलं गेली आणि थॉमसन हरणाच्या मागे सुटली. सगळं वीस सेकंदांत झालं. मग तिने धापा टाकत पिल्लांना हाक मारली, पक्ष्यासारखी चिवचिवती हाक. तरस यायच्या आत त्यांना खाऊ घालायचं होतं. आम्ही पन्नास मीटरवर गाडी बंद करून बसलो होतो. त्या दिवशी बघितलं ते रोज मुक्काम बदलणाऱ्याला क्वचितच बघायला मिळतं.

म्हणून कंपनीशी बोलताना हॉटेलच्या तारका विचारू नका, गाडी आणि चालक विचारा. गाडी फक्त तुमच्या सहा जणांची हवी, वर उघडणाऱ्या छताची लँड क्रूझर, प्रत्येकाला खिडकी. आजी-आजोबांना मधल्या ओळीत किंवा पुढे चालकाशेजारी बसवा. मागच्या चाकांवरच्या सीटवर धक्का सर्वांत जास्त बसतो, ती मुलांना द्या. रोजच्या किलोमीटरवर मर्यादा आहे का, तेही विचारा, कारण काही कंपन्या डिझेल वाचवायला चालकाला ठरलेल्या अंतराबाहेर जाऊ देत नाहीत. इथे चालक हाच मार्गदर्शक असतो आणि पाचही दिवस तोच तुमच्यासोबत राहतो. त्याला किती वर्षं झाली आणि सेरेंगेटीत तो किती वेळा जातो, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. भेटल्यावर पहिल्याच संध्याकाळी त्याला सांगा: आम्हाला पाच मोठ्या प्राण्यांची (सिंह, बिबट्या, हत्ती, रानम्हैस, गेंडा) यादी पुरी करायची नाही, एका जागी थांबायला आवडतं, आणि उद्यानात रस्ता सोडून गाडी घालू नका. हे ऐकलं की चांगला चालक खुलतो. रेडिओवर ‘सिम्बा’, ‘चुई’, ‘दुमा’ ऐकू आलं की सगळ्या गाड्या तिकडे धावतात (सिंह, बिबट्या, चित्ता), आणि बहुतेक गटांना तेच हवं असल्यामुळे त्यालाही धावावं लागतं. मुलांना स्वाहिलीची गोडी लागेल. गाडीला तिथे ‘गारी’ म्हणतात, दुकानाला ‘दुका’, आणि चहा-चपाती तर चहा-चपातीच. यातले बरेच शब्द आपल्याकडून समुद्रापलीकडे गेलेले आहेत.

खर्चाचा कागद आला की चार गोष्टी वेगवेगळ्या लिहून मागा: उद्यानाचं प्रवेशशुल्क, उद्यानाच्या आत मुक्काम केल्याचं शुल्क, न्गोरोन्गोरोचं शुल्क, आणि या सगळ्यावरचा १८ टक्के कर. सेरेंगेटीचं प्रवेशशुल्क या हंगामात मोठ्या माणसाला चोवीस तासांचं ७० डॉलर अधिक कर आहे. मुलांना बरंच कमी. स्वस्त वाटणाऱ्या कोटेशनमध्ये बहुधा यातलंच काहीतरी गाळलेलं असतं, किंवा मुक्काम उद्यानाच्या बाहेर असतो. बाहेरचा मुक्काम मात्र घेऊ नका. सकाळचा सोन्यासारखा दीड तास फाटकापर्यंतच्या रस्त्यावर जातो.

तंबूची भीती आजींना वाटेल. ‘तंबू’ म्हणजे आत पलंग, जोडून न्हाणीघर आणि कमोड. काही ठिकाणी आंघोळीचं गरम पाणी सांगितल्यावर वरच्या टाकीत बादलीने भरतात. कुंपण नसतं. अंधार पडल्यावर जेवणाच्या तंबूपर्यंत एकट्याने जायचं नाही, सोबतीला छावणीचा माणूस येतो, आणि हा नियम मुलांना विमानातच पक्का सांगून ठेवा. रात्री तरसाचा तो वर चढत जाणारा आवाज येईल, कधी सिंहाचा. तंबूची चेन लावलेली असली की आत सहसा काही होत नाही. आजी-आजोबांसाठी जेवणाच्या तंबूजवळचा तंबू आधीच मागून ठेवा, आणि काही छावण्या लहान मुलांना घेत नाहीत, म्हणून मुलांची वयं आधी कळवा.

आरोग्याचं नीट ऐका. मुंबईहून किलिमांजारो विमानतळावर जायला तुम्ही बहुधा आदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे जाल. इथिओपिया आणि केनिया हे दोन्ही देश पीतज्वराचा (यलो फीव्हर) धोका असलेल्या देशांच्या यादीत आहेत, आणि अशा देशातून लशीच्या दाखल्याशिवाय भारतात उतरलेल्या माणसाला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवता येतं. लस सरकारमान्य केंद्रातच मिळते, प्रवासाच्या निदान दहा दिवस आधी घ्यावी लागते, आणि तो पिवळा दाखला आता आयुष्यभर चालतो. साठीच्या पुढे या लशीचा धोका थोडा वाढतो, म्हणून आजी-आजोबांनी आधी आपल्या डॉक्टरांशी बोलावं. लस देता येणार नसेल तर तसं वैद्यकीय प्रमाणपत्र लागेल आणि विमानाचा मार्ग आधीच विचारपूर्वक ठरवावा लागेल. हे काम दोन महिने आधी करा, केंद्रांवर दिवस लवकर भरतात. मलेरियाच्या गोळ्याही डॉक्टरांना विचारूनच. व्हिसा ऑनलाइन काढा, टांझानिया सरकारच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच. साध्या व्हिसाला ५० डॉलर पडतात.

सामानाबद्दल थोडंच. छोट्या विमानात माणशी १५ किलो, तेही मऊ पिशवीत. चाकांची कडक बॅग आरुशात ठेवा. निळे आणि काळे कपडे घेऊ नका, चावणारी त्से-त्से माशी या रंगांकडे धावते आणि तारांगिरेत ती असते. पहाटे थंडी, दुपारी ऊन, दिवसभर धूळ: पातळ स्वेटर, टोपी, तोंडाला बांधायला ओढणी. टांझानियात १ जून २०१९ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे, त्यामुळे दिवाळीचा चिवडा आणि चकल्या डब्यात भरा. फराळ मात्र जरूर न्या. सकाळी अकराला बाभळीखाली गाडी थांबवून चालकालाही लाडू दिलात तर त्या गाडीचं वातावरणच बदलतं. शाकाहारी जेवणाची काळजी नको, आधी कळवलं की छावणीत डाळ-भात-चपाती मिळते. ड्रोन घरी ठेवा, परवानगीशिवाय चालत नाही.

आणि एक खर्च नक्की करा: दुर्बिणी. सहा जणांत एक असेल तर भांडणं होतात आणि आजींपर्यंत ती पोचते तोवर बिबट्या उतरून गेलेला असतो. ८×४२ च्या (आठपट मोठं दाखवणाऱ्या, ४२ मिलिमीटर भिंगाच्या) निदान तीन घ्या. कॅमेरा एक पुरे.

कंपनीला आजच कळवा की मन्यारा आणि विवर काढा, सेरोनेरात तीन रात्री ठेवा, आणि परतीचं विमान दुपारचंच घ्या. सकाळच्या विमानाने आलात तर छावणीतून पहाटेच धावपट्टीकडे निघावं लागतं. दुपारच्या विमानाला मात्र सामान गाडीत टाकून सहाला बाहेर पडता येतं, नदीकाठाने सावकाश फिरत धावपट्टीपर्यंत जाता येतं. माझ्या गटांनी पाहिलेले निम्मेअधिक बिबटे याच शेवटच्या फेरीत पाहिले आहेत.